मूल दवाखान्यात, मग उपचार आईबापांना का? वर्ध्यातून सुरू होणारी एक गोष्ट

आमच्या ओपीडीत एक प्रसंग वारंवार घडतो. सहा-सात वर्षांचं मूल, सोबत आई, बऱ्याचदा आजीही. तक्रार ठरलेली. "हे पोरगं ऐकतच नाही जी. जेवत नाही, अभ्यासाला बसत नाही, मोबाईल हातातून काढला की भिंतीवर डोकं आपटतं. याले काही टॉनिक लिहून द्या." मी मुलाला तपासते. वजन, उंची, कान, डोळे, हिमोग्लोबिन. बहुतेक वेळा त्यात फारसं काही निघत नाही. मग मी आईला विचारते, "आणि तुम्हाला? तुम्हाला झोप लागते का?" टॉनिकचा विषय तिथेच मागे पडतो. पुष्कळ आया आधी आजीकडे बघतात, मग खाली बघतात, आणि मग रडू लागतात.

हा प्रश्न विचारायला शिकण्यात माझी बरीच वर्षं गेली. नवीन नवीन असताना मी अशाच एका आईला चांगलं सुनावलं होतं. "मूल ऐकत नाही कारण तुम्ही त्याला वेळ देत नाही." ती मान हलवून गेली आणि परत आली नाही. पुढे तिच्या गावच्या आशाताईंकडून कळलं की नवरा दारूत बुडालेला, ही सकाळी कापूस वेचायला जायची, संध्याकाळी येऊन स्वयंपाक करायची आणि रात्री नवरा घरी कसा येतो याची वाट बघत जागायची. मी तिला वेळ द्यायला सांगितलं होतं. तो तिने कुठून आणायचा होता, हे मी विचारलंच नव्हतं.

आईबापांसाठी समुपदेशन, थेरपी, हे शब्द ऐकले की तुमच्यापैकी अनेकांना वाटतं की ही शहरातली, सिनेमातली गोष्ट. "आम्हाला काय वेड लागलंय का?" असंही विचारलं जातं. म्हणून आज औषधाचं न सांगता थोडा इतिहास सांगते. तो आपल्याच जिल्ह्यातून जातो.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात एक शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. त्यातून झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 'नई तालीम' नावाने ओळखली जाणारी योजना आली. मुलांनी हाताने काम करत, सूत कातत, शेती करत शिकायचं. ती सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होती. सेवाग्राममध्ये आर्यनायकम आणि आशादेवी या जोडप्याने ती वर्षानुवर्षं चालवली. (सेवाग्रामचं मूळ नाव शेगाव. बुलढाण्याच्या शेगावशी घोळ व्हायचा, म्हणून १९४० मध्ये नाव बदललं.)

आपल्या विषयासाठी महत्त्वाचं वर्ष मात्र १९४५. तुरुंगातून सुटून आल्यावर गांधीजींनी या योजनेचा पसारा वाढवला. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामला पुन्हा परिषद झाली आणि शिक्षणाचे टप्पे नव्याने मांडले गेले. सात वर्षांच्या आधीचं पूर्व-बुनियादी, मग बुनियादी, त्यानंतर उत्तर-बुनियादी, आणि प्रौढांचं शिक्षण. मूल आईच्या पोटात असल्यापासून शिक्षण सुरू होतं, त्यामुळे आईवडिलांनाही शिकवावं लागेल, असा त्यामागचा विचार होता. ऐंशी वर्षांपूर्वी, वर्ध्याजवळच्या एका खेड्यात, मुलाच्या वाढीचा विचार करताना आईबापांचा टप्पा वेगळा धरला गेला, ही लहान गोष्ट नाही.

त्याआधीच गुजरातेत गिजुभाई बधेका भावनगरला बालमंदिर चालवत होते. त्यांनी पालकांसाठी एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ होतो, 'आईबाप होणं अवघड आहे'. मला हे नाव फार आवडतं, कारण त्यात उपदेश नाही. गिजुभाईंसोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांचा संसार काही काळ आपल्या शेजारच्या अमरावतीत होता. तो मोडला आणि लहान मुलीला घेऊन त्या गुजरातेत गेल्या. एकट्याने मूल वाढवणं म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. पुढे 'शिक्षण पत्रिके'तून त्यांनी मराठी पालकांशी वर्षानुवर्षं संवाद साधला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला बालशिक्षण केंद्र काढलं. मूल अंगणवाडीत येत नसेल तर अंगणवाडी मुलाच्या अंगणात न्यायची, ही कल्पना तिथली.

या सगळ्या थोर माणसांबद्दल मनात आदर ठेवूनच एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्या काळी आईबापांना बरंच शिकवलं गेलं. मुलाला स्वच्छ कसं ठेवायचं, काय खाऊ घालायचं, मारायचं का नाही. पण शिकवणं वेगळं आणि ऐकून घेणं वेगळं. आईबापाच्या मनात जे साचतं ते कुठे नेऊन ठेवायचं, याला जागा नव्हती.

याचं सगळ्यात जड उदाहरण सेवाग्रामातच आहे. गांधीजींचे थोरले चिरंजीव हरिलाल. त्यांना इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर व्हायचं होतं, शिष्यवृत्ती दुसऱ्याला मिळाली, आणि वडिलांनी आपल्याला शिकू दिलं नाही हा सल त्यांच्या मनातून गेला नाही. १९११ मध्ये ते घर सोडून गेले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत पत्नी गेली. मग दारू, कर्ज, भटकणं. बापलेकांमधलं दुःख पत्रांतून आणि जाहीर निवेदनांतून साऱ्या देशाने वाचलं. कस्तुरबा सेवाग्रामच्या बा कुटीत राहायच्या. या मुलासाठी त्यांचा जीव किती तुटायचा हे त्यांच्याजवळच्या लोकांनी लिहून ठेवलं आहे. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्या आगाखान पॅलेसमध्ये मरणाच्या दारात होत्या. हरिलाल भेटायला आले तेव्हा नशेत होते. ते पाहून आईने कपाळ बडवून घेतलं. २२ फेब्रुवारीला त्या गेल्या. १८ जून १९४८ ला, वडिलांच्या हत्येनंतर पाच महिन्यांच्या आत, हरिलालही मुंबईत क्षयाने गेले.

चूक कोणाची, यावर पुस्तकं लिहिली गेली, नाटकं झाली, सिनेमा निघाला. डॉक्टर म्हणून मला तो प्रश्न फारसा उपयोगाचा वाटत नाही. मला एवढंच दिसतं की ज्यांच्याकडे देशभरातून लोक सल्ला विचारायला यायचे, त्या घराला स्वतःच्या मुलाबद्दल जाऊन बसायला, दोष न देता कोणी ऐकून घ्यायला, जागा नव्हती. दारूचं व्यसन हा आजार आहे, ही समजही तेव्हा रुजली नव्हती. तुमच्या घरी असं काही चालू असेल आणि तुम्हाला लाज वाटत असेल, तर बा कुटी आठवा.

कस्तुरबांच्या शेवटच्या आजारपणात त्यांच्याजवळ असलेल्या डॉक्टर म्हणजे सुशीला नायर. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय त्यांनीच उभं केलं. सुरुवातीला ते स्त्रिया आणि मुलांसाठीचं छोटंसं रुग्णालय होतं. १९६९ मध्ये तिथे वैद्यकीय महाविद्यालय झालं.

आता थेरपीकडे येऊ. मुलांच्या वागण्यासाठी वेगळा दवाखाना ही कल्पना अमेरिकेतली. १९०९ मध्ये शिकागोत विल्यम हीली यांनी गुन्ह्यांत सापडलेल्या मुलांसाठी असं केंद्र सुरू केलं. भारतातलं पहिलं बाल मार्गदर्शन केंद्र मुंबईत, सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळेत निघालं. साल १९३७, म्हणजे वर्ध्याच्या परिषदेचंच. मुंबईत आणि वर्ध्यात एकाच वर्षी मुलांबद्दल दोन नव्या गोष्टी सुरू झाल्या आणि दोघींची फारशी गाठ पडली नाही.

पाश्चात्त्य देशांतल्या या केंद्रांची एक पद्धत होती. मूल मानसोपचार डॉक्टरकडे जायचं आणि आई शेजारच्या खोलीत समाजसेविकेशी बोलायची. वडील बहुतेक कामावर. शेजारची ती खोली आईच्या आधारासाठी असायला हवी होती. प्रत्यक्षात तिथे पुष्कळदा आईची चूक शोधली जायची. चाळीस ते साठच्या दशकांत तर हे टोकाला गेलं. मूल स्वमग्न झालं तर आई थंड, प्रेमहीन असणार, असं मोठमोठे तज्ज्ञ म्हणू लागले. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये त्यावर गाजलेलं पुस्तक लिहिलं. त्याच्या तीन वर्षं आधी बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता, हे खोडून काढलं होतं. स्वमग्नता मेंदूच्या वाढीशी निगडित आहे, आईच्या मायेशी नाही, हे आज आपल्याला पक्कं ठाऊक आहे. पण "आईचंच लक्ष नाही" हे वाक्य अजून वर्ध्याच्या घराघरात ऐकू येतं. त्यासाठी कोणी अमेरिकेतलं पुस्तक वाचलेलं नसतं.

आपल्याकडे एका माणसाने वेगळी वाट धरली. अमृतसरच्या मनोरुग्णालयात पन्नासच्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं. घरच्यांकडे आजाराचं कारण म्हणून न बघता उपचारातले सोबती म्हणून बघायचं, ही दृष्टी त्यातून आली.

साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांच्या घरी जाऊन नुसतं बघितलं. काय दिसलं ते तुमच्याही घरात दिसेल. मूल मोबाईल मागतं. आई नाही म्हणते. मूल ओरडतं. आई रागावते. मूल लोळण घेतं. पाहुणे बसलेले, सासू बघते आहे, आई थकलेली. ती मोबाईल देते. मूल शांत होतं, आईलाही हायसं वाटतं. या एका मिनिटात दोघांनाही बक्षीस मिळालं. मुलाला मोबाईल आणि आईला शांतता. म्हणून उद्या हेच पुन्हा होणार, थोड्या मोठ्या आवाजात. यात कोणी वाईट नाही. फक्त एक चक्र फिरत राहतं. पालकांच्या थेरपीत हे चक्र ओळखायला आणि कुठे थांबवायचं ते शिकवलं जातं. रोज दहा मिनिटं मुलाच्या मर्जीने खेळायचं, चांगलं वागलं की लगेच बोलून दाखवायचं, सूचना छोटी आणि एकच द्यायची, नाही म्हटलं तर नाहीच ठेवायचं. ऐकायला सोपं आहे. थकलेल्या, उदास माणसाला यातलं काहीही जमत नाही, आणि म्हणूनच आधी त्या माणसाकडे बघावं लागतं.

उदासी किती असते? गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी आयांची तपासणी केली. २००२ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात २३ टक्के आयांना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याची मारहाण, मुलगी झाली म्हणून घरच्यांचं तोंड वाकडं होणं, ही कारणं त्यात ठळक दिसली. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आपल्या आशाताईंसारख्या आरोग्यसेविकांना थोडं प्रशिक्षण देऊन नैराश्य असलेल्या आयांशी ठरावीक पद्धतीने बोलायला लावलं. सहा महिन्यांनी ज्या आयांना हे मिळालं त्यांच्यातल्या २३ टक्क्यांना नैराश्य उरलं होतं, ज्यांना नुसत्या नेहमीच्या भेटी मिळाल्या त्यांच्यात ५३ टक्क्यांना. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, गावातल्या दहावी-बारावी शिकलेल्या बाया.

विदर्भातही असं झालं आहे. २००६ च्या केंद्र सरकारच्या पॅकेजमध्ये शेतकरी आत्महत्यांसाठी जे सहा जिल्हे धरले त्यात वर्धा होता. त्यानंतर 'विश्राम' या प्रकल्पात शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी लोकांशी मनाच्या आजारांबद्दल बोलायला सुरुवात केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१५ पासून राज्य सरकारचा 'प्रेरणा प्रकल्प' आपल्या जिल्ह्यातही आहे. आशाताई घरी येऊन झोपेबद्दल, चिंतेबद्दल विचारतात त्या यासाठीच. त्यांना "सगळं बरं आहे" म्हणून परत पाठवू नका.

आता तुम्ही खरंच गेलात तर काय होतं ते सांगते. कोणी तुम्हाला पलंगावर झोपवत नाही. पहिल्या भेटीत साधारण पाऊण तास बोलणं होतं. घरात कोण कोण आहे, मुलाचं काय बिनसलं आहे, तुम्ही शेवटचं कधी नीट जेवलात, कधी हसलात, घरात मारहाण आहे का, जिवाचं काही बरं-वाईट करावंसं वाटतं का. शेवटचा प्रश्न ऐकून घाबरू नका, तो सगळ्यांना विचारतात. बहुतेकांना गोळी लागत नाही. काहींना काही महिने लागते. पुढच्या भेटींत एक-एक छोटी गोष्ट ठरते आणि घरी करून बघायची असते. वडिलांनी यावं असं आम्ही आवर्जून सांगतो. जे बाप येतात ते बहुतेकदा पहिल्या भेटीत दारात उभे राहतात आणि तिसऱ्या भेटीत सगळ्यात जास्त बोलतात.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, सावंगीलाही आहे, आणि जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली चौकशी करता येते. जाणं शक्य नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. दिवसा-रात्री कधीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जिवाचं काही करून घ्यावंसं वाटत असेल किंवा मुलावर हात उगारून तो थांबवता येत नसेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी या किंवा फोन करा. मूल सोबत आणलंत तरी चालेल, बाहेर सिस्टरजवळ खेळत बसेल.