एका विडीचा जन्मापासून राखेपर्यंतचा हिशेब

१/ सिन्नर म्हटले की इतिहासप्रेमींना यादवकालीन गोंदेश्वर मंदिर आठवते. विसाव्या शतकात मात्र या अवर्षणप्रवण भागाची दूरवर ओळख झाली ती विडीमुळे. कोरडवाहू शेती वर्षभर पोट भरीना. म्हणून घरोघरी स्त्रियांच्या मांडीवर तेंदूपाने, तंबाखू आणि दोरा यांचे सूप आले. या विडीने निसर्गाचे आणि माणसाचे किती घेतले?

२/ असा हिशेब मांडण्याच्या शास्त्राला ‘जीवनचक्र मूल्यमापन’ म्हणतात. १९६९ मध्ये कोका-कोला कंपनीने अमेरिकेतील मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटकडून शीतपेयाच्या बाटल्या-डब्यांची तुलना करविली : कच्चा माल किती, ऊर्जा किती, कचरा किती? १९९७ मध्ये आयएसओ १४०४० या मानकाने या पद्धतीला चौकट दिली. तिच्यातील कळीचा प्रश्न एकच : हिशेबाची सीमा कोठे आखायची?

३/ सीमा दुकानापाशी आखली, तर विडी निरुपद्रवी भासते. वेष्टन पानाचे, प्लास्टिकतंतूंचा फिल्टर नाही, वळण्यास यंत्र नाही. तंबाखूही जेमतेम ०.२ ग्रॅम.

४/ आता सीमा मागे, जंगलापर्यंत न्या. महाराष्ट्रात तेंदूपाने मुख्यत्वे गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या वनांतून येतात. भर उन्हाळ्यातील हा हंगाम आदिवासी कुटुंबांना रोख पैसा देतो. परंतु कोवळी पालवी फुटावी म्हणून झुडपे छाटतात. काही ठिकाणी आगही लावतात. ती आग तेंदूपुरती थांबत नाही.

५/ मग तंबाखू. निपाणी आणि गुजरातमधील चरोतर हे विडी-तंबाखूचे जुने प्रदेश. ही पाने उन्हात वाळतात. सिगारेटची व्हर्जिनिया तंबाखू भट्टीच्या उष्णतेने, अनेक ठिकाणी लाकूड जाळून, पक्व करतात. २०१८ च्या एका अभ्यासाने एका सिगारेटचा जीवनचक्रातील भार सुमारे १४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतका आणि ३.७ लिटर पाणी असा काढला. विडीला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. जमीन, पाणी आणि खते मात्र तिलाही लागतात.

६/ पुढचा टप्पा सिन्नरमधील घर. पाने भिजवायची, पत्र्याच्या मापाने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्याने बांधायची. मजुरी दर हजार विड्यांवर. तंबाखूची धूळ ज्या खोलीत उडते, तेथेच चूल असते आणि मुले झोपतात.

७/ ही खोली हिशेबात धरायची की नाही? भारतीय कायद्याने याचे उत्तर १९६६ मध्येच दिले. विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले. कोका-कोलाच्या अभ्यासाच्या तीन वर्षे आधी कायद्याने सीमा कारखान्याच्या भिंतीपलीकडे नेली होती!

८/ शेवटी धूर. विडी लहान असली, तरी तिच्या धुरात निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटच्या तुलनेत कमी नसतात. बहुतेक मोजमापांत ते अधिकच आढळतात. म्हणजे ‘नैसर्गिक’ वेष्टनाचा लाभ फुप्फुसापर्यंत पोहोचत नाही.

९/ पारंपरिक जीवनचक्र मूल्यमापन कार्बन आणि पाणी मोजते. वळणाऱ्या बोटांचा हिशेब त्यात सहसा येत नाही. विडी बंद व्हावी असे म्हणणाऱ्याने त्या बोटांना दुसरे काम कोणते, हे सांगावे. विडी टिकावी असे म्हणणाऱ्याने जंगल, धूळ आणि धूर हिशेबात धरावेत. यातली एक बाजू गाळून मांडलेला सिन्नरचा इतिहास अपुराच राहील.