लंडनची बस आणि तापलेलं तेल

सुट्टीत पिकअपला कॅरॅव्हॅन जोडून डेव्हनकडे निघणार असाल, तर आधी एका जुन्या बसची गोष्ट ऐका.

१९२० च्या दशकात लंडनच्या बसमधले गचके खाऊन हॅरल्ड सिंक्लेअर हे इंजिनिअर वैतागले होते. जर्मनीत हेर्मान फोटिंगर यांनी १९०५ साली जहाजांसाठी एका जोडणीचं पेटंट घेतलं होतं. समोरासमोर पात्यांची दोन चाकं, मध्ये फक्त तेल. एक फिरलं की तेल दुसऱ्याला फिरवतं. सिंक्लेअर यांनी ती रस्त्यावरच्या गाड्यांसाठी बदलली आणि १९३० मध्ये कॉव्हेंट्रीच्या डेम्लरने ती बस आणि मोटारींत आणली. गचके गेले.

पण फुकट काही मिळत नाही, एमबीएत एवढं तरी शिकलो! दुसरं चाक मागे पडलं, की वाया गेलेली ताकद तेल तापवते. म्हणून थांब्यावर ड्रायव्हरने गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची. चढावर ॲक्सिलरेटर दाबून बस तोलून धरायची नाही, ब्रेक लावायचा.

तुमच्या ऑटोमॅटिक पिकअपमधला टॉर्क कन्व्हर्टर त्याच घराण्यातला. मोकळ्या रस्त्यावर तो आतून लॉक होतो, तेल निवांत राहतं. एक्समूरच्या चढावर, मागे कॅरॅव्हॅन आणि पुढे ट्रॅक्टर असला की लॉक सुटतो. तेव्हा खालचा गिअर घ्या. तेलाच्या तापमानाचा इशारा आलाच, तर सुरक्षित जागी थांबून पार्कमध्ये टाका, पण इंजिन चालू ठेवा. पंप तेल कूलरमधून फिरवत राहतो. मी घाबरून इंजिन बंद केलं होतं. नंतर गॅरेजमध्ये निघालेलं तेल कोऱ्या चहासारखं काळं होतं.