जमीन देऊन शांतता घ्यावी का? ज्यू धर्मशास्त्र काय सांगते?

१८०३ मध्ये इंग्रजांकडून हरल्यावर नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी देवगावच्या तहात कटक प्रांत देऊन युद्ध थांबवले. तो निर्णय राजकीय होता. इस्रायलमध्ये मात्र असा प्रश्न धर्मगुरूंपुढेही जातो, कारण धार्मिक ज्यू ती भूमी देवाने दिलेली मानतात.

‘हलाखा’ म्हणजे ज्यू धर्मशास्त्र. त्यानुसार जीव वाचवण्यासाठी मूर्तिपूजा, निषिद्ध शरीरसंबंध आणि हत्या सोडून बाकी सर्व नियम बाजूला ठेवता येतात. या तत्त्वाला ‘पिकुआख नेफेश’ म्हणतात.

जमीन द्यावी : मुख्य सेफार्डी धर्मगुरू ओवादिया योसेफ यांनी १९७९ मध्ये सांगितले की, रक्तपात टळत असेल तर जमीन परत देता येते. त्याच वर्षी इजिप्तशी करार झाला. १९८२ मध्ये सिनाई परत गेले.

देऊ नये : रब्बी मेनाखेम श्नीरसन यांनी तेच तत्त्व उलट लावले. सीमेवरची जमीन दिली की शत्रू जवळ येतो, जीव जास्त धोक्यात पडतात. रब्बी त्स्वी येहुदा कूक यांच्या मते तर भूमी सोडणेच निषिद्ध.

मग धोका ठरवणार कोण? योसेफ म्हणत, आजाऱ्याने उपास सोडावा का हे डॉक्टर सांगतो, तसे हे लष्करी जाणकारांनी सांगावे. पण जाणकारांचेच एकमत नसते, म्हणून वाद आजही मिटलेला नाही.