दोन गायक, दोन श्रोतृसमुदाय : गाडगे महाराज आणि तुकडोजी महाराज

कीर्तन आणि भजन हे मराठी समाजाचे जुने सार्वजनिक संगीतप्रकार होत. त्यांच्या इतिहासात रचनाकारांची दखल पुष्कळ घेतली गेली, गायकांची थोडी, आणि श्रोत्यांची जवळजवळ नाहीच. वस्तुतः असा कार्यक्रम गाणारा आणि ऐकणारा या दोघांनी मिळून घडविलेला असतो. या विधानाची कसोटी पाहण्यास विसाव्या शतकातील वऱ्हाड आणि त्याला लागून असलेला वर्धा जिल्हा यांत एक चांगली जोडी सापडते. ती म्हणजे गाडगे महाराजांचे कीर्तन आणि तुकडोजी महाराजांचे खंजिरी-भजन.

दोघेही अमरावती जिल्ह्यातले. डेबूजी झिंगराजी जानोरकर म्हणजेच गाडगे महाराज यांचा जन्म १८७६ साली शेणगाव येथे झाला. माणिक बंडोजी इंगळे म्हणजेच तुकडोजी महाराज यांचा १९०९ साली यावली येथे. दोघांच्या वयांत तेहेतीस वर्षांचे अंतर असले तरी त्यांचे कार्यक्रम एकाच कुळातले वाटतात. गावाबाहेरचे मोकळे पटांगण, रात्रीची वेळ, जातिभेद न मानता बसलेला समुदाय, सर्वांनी मिळून म्हणावयाचे पालुपद, आणि दारू, अस्पृश्यता, पशुबळी, अंधश्रद्धा यांवर सडेतोड टीका, हे सारे दोन्हीकडे आढळते. म्हणूनच या दोघांचा उल्लेख बहुधा एका श्वासात केला जातो. परंतु साम्याच्या या थराखाली एक मूलभूत भेद आहे. तो आशयात नसून श्रोत्याला दिलेल्या स्थानात आहे.

हा भेद समजण्यासाठी प्रदेशाची भाषिक स्थिती ध्यानात घ्यावी लागते. वर्धा नदीच्या पश्चिमेस वऱ्हाड आणि पूर्वेस जुना मध्यप्रांत. वर्धा शहराला लागून असलेली सिंदी मेघे, सावंगी मेघे, बोरगाव मेघे ही गावे या पूर्वेकडच्या भागात येतात. वऱ्हाडी आणि नागपुरी या बोली या पट्ट्यात एकमेकींत मिसळतात. शिवाय मध्यप्रांत हा मराठी व हिंदी अशा दोन भाषांचा प्रांत असल्याने हिंदीही येथे कानांवर पडत होतीच. १९३६ साली वर्धा येथे राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापना झाली, तीही याच भूमीत. तात्पर्य, नदीपलीकडून येणारी वऱ्हाडी आणि भजनातून येणारी हिंदी या दोहोंपैकी कोणतीही या श्रोत्याला परकी नव्हती.

गाडगे महाराजांचे कीर्तन प्रश्नांवर उभे असे. नारदीय कीर्तनाची पूर्वरंग-उत्तररंगाची मांडणी त्यांनी मानली नाही. ते ठेठ वऱ्हाडीत विचारीत आणि समुदाय एकदोन शब्दांत उत्तर देई. उत्तर मिळाले की त्यातूनच पुढचा प्रश्न निघे. मध्येच तुकोबांचा अभंग किंवा कबीराचा दोहा येई, ‘गोपाला’चा गजर होई, आणि पुन्हा प्रश्न. कर्ज काढून केलेले लग्न, नवसाचे बकरे, शाळेत न गेलेले मूल यांविषयी श्रोता स्वतःच्याच तोंडाने कबुली देऊन बसे. भाषेच्या दृष्टीने पाहता या संहितेचा अर्धा भाग श्रोत्यांच्या तोंडी होता. गायक आणि श्रोता यांच्यातील अंतर येथे कीर्तनापूर्वीच मिटत असे, कारण हातात खराटा घेऊन गाव झाडणारा मनुष्यच संध्याकाळी कीर्तनास उभा राहत असे. पाया पडू पाहणाऱ्यास ते काठी उगारून दूर करीत. आपला कोणी शिष्य नाही, असे ते स्वच्छ सांगत. म्हणजे चाहत्यांचा संप्रदाय बनू नये, याचीच दक्षता त्यांनी घेतली. धर्मशाळा, सदावर्ते, वसतिगृहे यांच्या रूपाने संस्था उभ्या राहिल्या. पण कीर्तन चालविणारी संस्था मात्र त्यांनी उभी केली नाही.

तुकडोजी महाराजांनी नेमका उलट मार्ग स्वीकारला. खंजिरीचा ठेका, सोपी चाल, मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांतील रचना आणि शेवटी कवीची नाममुद्रा, असे त्यांच्या भजनाचे घडीव रूप होते. असे पद एकदा ऐकून घरी नेता येते आणि दुसऱ्या गावी दुसऱ्याच्या तोंडून गाता येते. १९३५ साली मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन झाला, आणि पुढे श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या गावोगावच्या शाखांतून सामुदायिक प्रार्थनेची शिस्त रुजली. श्रोत्याचा येथे प्रथम गायक झाला आणि नंतर सदस्य. १९३६ मध्ये तुकडोजी महाराज गांधीजींच्या निमंत्रणावरून शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, सुमारे महिनाभर राहिले. त्यामुळे वर्ध्याच्या परिसरात या भजनाला राष्ट्रीय चळवळीचेही अधिष्ठान मिळाले.

अशा संघटित श्रोतृसमुदायाचे सामर्थ्य १९४२ मध्ये दिसून आले. १६ ऑगस्टला वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे जनतेने उठाव केला. त्याच महिन्यात तुकडोजी महाराजांना अटक होऊन नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले. उठावाची कारणे अनेक होती. ती एका भजनमंडळीच्या माथी मारणे युक्त होणार नाही. तथापि सरकारने गायकाला धोकादायक मानले, यावरून पटांगणात बसलेला समुदाय केवळ करमणुकीसाठी जमत नाही, हे शासनाला उमगले होते, एवढा निष्कर्ष निश्चित निघतो.

दोन्ही रीतींचे फलित गायकांच्या निधनानंतर स्पष्ट झाले. गाडगे महाराज २० डिसेंबर १९५६ रोजी निवर्तले. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईत वांद्रे येथे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. प्रबोधनकार ठाकरे आणि गो. नी. दांडेकर यांनी त्यांची चरित्रे लिहिली. मात्र ज्या कीर्तनाचा अर्धा भाग समोरच्यांच्या उत्तरांत होता, ते ग्रंथात पूर्णपणे उतरणे शक्य नव्हते. तुकडोजी महाराजांचे निधन ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. परंतु त्यांची भजने, प्रार्थना आणि १९५५ मधील ग्रामगीता आजही मंडळांतून म्हटली जातात. एकाने श्रोत्याला बोलते केले. दुसऱ्याने त्याला गाते केले. गाते केलेल्याचे गाणे परंपरेने राखले. बोलते केलेल्याचे बोलणे मात्र त्या त्या रात्रीबरोबर सरले.

यावरून एकाचे यश आणि दुसऱ्याचे अपयश असा निवाडा करणे चुकीचे ठरेल. गाडगे महाराजांना कीर्तन टिकविण्यापेक्षा त्यातून सुटलेली दारू आणि शाळेत गेलेले मूल महत्त्वाचे होते, आणि अशा गोष्टींवर कोणाची नाममुद्रा नसते. आज वर्धा नदीच्या दोन बाजूंच्या दोन विद्यापीठांना या दोघांची नावे आहेत. पण केवळ छापील भजनावली आणि संस्थांचे दप्तर यांवर विसंबून या प्रदेशाचा संगीतेतिहास लिहिला, तर त्यात तुकडोजींचा श्रोता सापडेल आणि गाडगे महाराजांचा हरवेल. त्याचा माग संग्रहालयापेक्षा गावच्या बोलीत, म्हणींत आणि वृद्धांच्या आठवणींत घ्यावा लागेल. ते काम त्वरेने हाती घेणे अगत्याचे आहे. कारण १९५६ पूर्वी ते कीर्तन प्रत्यक्ष ऐकलेली माणसे आता थोडीच उरली आहेत.