वेटर, गिऱ्हाईक आणि तांड्यावरची मुलगी

ऐकायला वेळ नाही, वाचूनच टाकतो म्हणणाऱ्यांसाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर.

जून २०००. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते आणि राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीत भेटायचं. मी त्याच वर्षी अंबडला पहिलीत बसलो. म्हणजे आमचीच पहिली बॅच.

सातवीत एकदा जोडीने संवाद म्हणायचा होता. मी गिऱ्हाईक, माझी जोडीदार वेटर. ती तांड्यावरून यायची. ‘मे आय टेक युअर ऑर्डर, सर?’ एवढंच म्हणायचं होतं. ती खाली बघत उभी राहिली. शेरा मिळाला : बोलत नाही.

गंमत बघा. हीच मुलगी घरी गोरबोली बोलायची, आमच्याशी मराठी, आणि आठवडी बाजारात दखनीत भाव करायची. तीन भाषा बोलणारी पोरगी ‘बोलत नाही’ कशी ठरली?

याचं उत्तर शोधायला थोडं मागे जाऊ. १९६५ साली अमेरिकेत नोम चॉम्स्की यांनी भाषेच्या सिद्धांतासाठी एक आदर्श बोलणारा कल्पिला. आजूबाजूला सगळे एकच भाषा बोलतात आणि त्याला ती पूर्ण येते, असा. डेल हाइम्स या अभ्यासकाला हे पटलं नाही. १९७२ साली छापून आलेल्या निबंधात त्यांचं म्हणणं होतं की नुसतं व्याकरण येऊन भागत नाही. कुणाशी, कधी, कसं बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, हेही भाषा येण्यातच मोडतं. आणि हे नियम प्रत्येक समाजाचे वेगळे असतात.

इंग्रजी शिकवणाऱ्यांनी हा विचार उचलला. पाठांतर आणि भाषांतर मागे पडलं, संवाद पुढे आला. चांगलंच झालं की! पण पुस्तकांपर्यंत येता येता हाइम्स यांचा अर्धा मुद्दा गळाला. ‘कुणाशी कसं बोलायचं’ हे राहिलं, ‘प्रत्येक समाजाचं वेगळं’ हे गेलं. आदर्श बोलणारा परत आला, फक्त या वेळी तो लंडनच्या हॉटेलात बसून चहा मागवत होता.

आता हे अंबडला लावून बघा. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. सरांना ‘यू’ म्हणताना आमची जीभ अडखळायची. जेवताना आईला ‘थँक्यू’ म्हटलं तर ती विचारणार, ‘बरं नाही का रे?’ आणि मोठ्यांसमोर, त्यातून भरल्या वर्गात मुलासमोर, मुलीने गप्प उभं राहणं हे न येण्याचं लक्षण नव्हतंच. ते तिला घरून मिळालेलं वळण होतं. हाइम्स यांच्याच मापाने ती पास होती.

शाळेची भाषा परकी असणं आपल्याला नवीन नाही, बरं का. अंबड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. माझ्या आजोबांची वरची शाळा उर्दूतून झाली. पण ते म्हणायचे, ‘उर्दू कचेरीत होती, बाजारात होती. कानावर पडायची.’ आमचं इंग्रजी मात्र तास संपला की संपायचं.

मग दुसरा रस्ता नव्हता का? होता, आणि तो भारतातच सापडला होता. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रासकडच्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. मुलांना वेटर बनवलं नाही. रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा असं काहीतरी द्यायचं आणि कोडं सोडवायला सांगायचं. उत्तर एका शब्दात आलं तरी चालायचं. डोकं कामाला लागलं की भाषा मागून येते, हा विश्वास. जोड्या, गट यांचाही त्यांनी आग्रह धरला नाही. वर्ग जसा होता तिथूनच त्यांनी सुरुवात केली.

माझ्या जोडीदारणीला कुणी वेळापत्रक दिलं असतं तर? बाजारातला हिशोब तोंडी करणारी ती, गाडी कधी सुटते हे माझ्याआधी सांगितलं असतं तिने.

दिवाळीनंतर ती आईबापासोबत ऊसतोडीला गेली. परत वर्गात आली नाही. तिची शाळा त्या शेऱ्यामुळे सुटली असं मी म्हणणार नाही, कारणं पोटाची होती. पण शाळेने तिच्याबद्दल शेवटचं जे लिहून ठेवलं, ते चुकीचं होतं.

तुमच्याही वर्गात अशी ‘बोलत नाही’ वाली मुलगी होती का? ती कुठल्या कुठल्या भाषा बोलायची, आठवून बघा. भेटू पुढच्या भागात.