निवृत्त मल्लांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती आणि कुस्तीशौकिनांची चर्चा : जामखेड परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला असलेला जामखेड तालुका इतिहासाच्या पुस्तकांत प्रामुख्याने दोन कारणांनी येतो. चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचे जन्मस्थान आणि खर्डा ही मराठे व निजाम यांच्यातील १७९५ च्या लढाईची भूमी. या दोन्ही विषयांवर कागदपत्रे विपुल आहेत. परंतु याच तालुक्यात आणि लगतच्या कर्जत, आष्टी, पाटोदा, करमाळा, भूम, परंडा या भागांत गावोगावच्या यात्रांमध्ये भरत आलेल्या कुस्त्यांच्या हगाम्याविषयी लेखी साधन फारच तोकडे आहे. हगाम्याचे हस्तपत्रक निघते. त्यावर इनामाच्या रकमा आणि देणगीदारांची नावे असतात. वर्तमानपत्रात शेवटच्या कुस्तीचा निकाल दोन-चार ओळींत येतो. सकाळी लहान मुलांच्या रेवडीवरच्या कुस्त्यांपासून दिवे लागणीच्या शेवटच्या जोडीपर्यंत मधल्या वेळात ज्या कुस्त्या लागतात, त्यांची नोंद सहसा कोणत्याही दप्तरात होत नाही. ती पाहणाऱ्यांच्या स्मरणात राहते.

अशा स्थितीत निवृत्त मल्लांच्या मुलाखतींना साधन म्हणून महत्त्व येणे स्वाभाविक आहे. पूर्वी आकाशवाणीवर क्वचित, पुढे दूरचित्रवाणीवर आणि आता भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यावर अशा मुलाखती मोठ्या संख्येने मुद्रित झाल्या आहेत. त्या एकट्याने ऐकल्या जातात त्यापेक्षा चारचौघांत अधिक ऐकल्या जातात आणि ऐकता ऐकताच त्यांवर वाद होतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा वाद आहे. अभ्यासक सामान्यतः मुलाखत जपतो आणि तिच्याभोवतीची चर्चा गोंगाट म्हणून सोडून देतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ही चर्चा मुलाखतीइतकेच, काही बाबतींत तिच्याहून मोलाचे साधन आहे. मात्र तिच्यावर विश्वास ठेवताना जी सावधगिरी लागते ती आपण अद्याप अंगी बाणवलेली नाही.

मुलाखतीचा साचा आणि श्रोत्यांची दुरुस्ती

मल्लाच्या मुलाखतीला एक ठरलेली चाल असते. घरची गरिबी, वडिलांची किंवा चुलत्यांची हौस, तालमीत टाकल्याचा दिवस, वस्तादांचा मार, पहाटेचे जोर-बैठका, खुराक, नारळावरची पहिली कुस्ती, नाव झालेली मोठी कुस्ती आणि अखेरीस आजच्या पोरांविषयीची खंत. हा साचा बोलणाऱ्याने एकट्याने घडवलेला नसतो. मुलाखत घेणाराही बहुधा शौकीनच असतो आणि त्याला जे ऐकायचे असते तेच तो विचारतो. त्यामुळे अनेक मुलाखती एकमेकींसारख्या वाटतात, आणि केवळ त्यांवर विसंबणाऱ्या अभ्यासकाच्या हाती व्यक्तीऐवजी ‘पैलवान’ नावाचा एक नमुना लागतो.

हा साचा मोडतो तो श्रोत्यांमुळे. मुलाखत सुरू असताना पारावरचा एखादा जाणता मध्येच म्हणतो, “थांबव जरा. तो ढाक नव्हता, टांग होती.” दुसरा वेळेवर बोट ठेवतो, कुस्ती वीस मिनिटे चालली की पाऊण तास. तिसऱ्याला पंच कोण होता ते आठवते. चौथा सांगतो की निकाल चितपटीचा नव्हताच, अंधार पडला म्हणून बरोबरीत सोडवली. या दुरुस्त्या क्षुल्लक नाहीत. डावाचे नाव, वेळ, पंच आणि निकाल या चार गोष्टींखेरीज कुस्तीच्या इतिहासात दुसरे कोणते तथ्य असते? आणि त्यांची फेरतपासणी करणारे, ज्याला आपण विद्यापीठीय भाषेत समीक्षण म्हणतो ते काम करणारे, हेच लोक आहेत. ते ती तपासणी मोफत करतात आणि तिची नोंद कोणी ठेवत नाही, एवढाच काय तो फरक.

मौखिक इतिहासाच्या शास्त्रात या प्रश्नाचा विचार पूर्वीच झाला आहे. इटालियन अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तेर्नी या पोलादनगरीतील कामगारांच्या मुलाखती घेतल्या. लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १९४९ मध्ये नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात पोलिसांच्या हातून मारला गेला. परंतु अनेक कामगारांनी तो मृत्यू १९५३ च्या मोठ्या कामगारकपातीविरुद्धच्या संघर्षात घडल्याचे सांगितले. पोर्तेल्लींनी ही चूक बाजूला सारली नाही. लोकांना त्या मृत्यूचा अर्थ जिथे लावता येत होता, तिथे त्यांनी तो नेऊन ठेवला, असे त्यांनी दाखवले.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत महाराष्ट्राच्या दोन मल्लांनी प्रत्येकी एक सुवर्ण व एक रौप्य मिळवले. मारुती माने यांचे सुवर्ण फ्रीस्टाइलमधील आणि रौप्य ग्रीको-रोमनमधील. गणपतराव आंदळकर यांचे नेमके उलट, सुवर्ण ग्रीको-रोमनमधील आणि रौप्य फ्रीस्टाइलमधील. शौकिनांच्या बोलण्यात ही अदलाबदल सहज होते. दोघांनाही फ्रीस्टाइलचेच सुवर्ण देऊन टाकण्याकडे कल असतो. याचे कारण स्मरणशक्तीत शोधण्यापेक्षा मातीत शोधावे. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली पकड घेता येत नाही, पायाचा उपयोग करता येत नाही. ज्याच्या डोळ्यांपुढे टांग, लपेट आणि घुटना यांनीच कुस्ती साकार होते, त्याला कोल्हापूरच्या तालमीत घडलेला मल्ल या परक्या नियमांत आशियात पहिला आला, हे मनापासून पटत नाही. म्हणून स्मृती त्याला ओळखीच्या नियमांत परत आणते. चूक खरीच, पण मातीतल्या शौकिनाला कुस्ती म्हणजे काय वाटते हे तिच्याइतके नेमके सांगणारे दुसरे साधन मिळणे कठीण.

जे बोलले जात नाही

मुलाखतीत मल्ल जे सांगतो त्यावर वाद होतोच; परंतु खरा कडवट वाद तो जे सांगत नाही त्यावर होतो. ठरवून केलेल्या कुस्तीला शौकीन ‘नुरा’ म्हणतात. कोणती कुस्ती नुरा होती आणि कोणती खरी, यावर जाणत्यांमध्ये वर्षानुवर्षे एकमत होत नाही, आणि मल्ल या प्रश्नाला हसून बगल देतो.

इथे अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीशी तुलना उद्बोधक ठरते. तिथे कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असे आणि ते गुपित राखणे हा धंद्याचा पहिला नियम होता. १९८९ मध्ये त्या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या कंपनीने न्यू जर्सीच्या सिनेटपुढे आपला खेळ म्हणजे करमणूक असल्याचे मान्य केले. पुढे निवृत्त मल्लांच्या मोकळ्या मुलाखतींच्या चित्रफिती निघू लागल्या आणि रसिक त्यांची एकमेकींशी ताडातोड करू लागले. त्यांचा शोध असा, की ठरलेल्या खेळात खरे किती होते. आपल्या शौकिनाचा शोध उलट दिशेने जातो. खऱ्या खेळात ठरलेले किती होते, हे त्याला हवे असते.

या दोन जगांची गाठ मुंबईत पडली होती. मे १९६८ मध्ये दारासिंग यांनी मुंबईत अमेरिकन मल्ल लू थेझ यांना हरवून जागतिक अजिंक्यपद मिळवले. भारतीय स्मृतीत ही घटना निखळ विजय म्हणून नोंदली गेली आहे. थेझ यांनी नंतर दारासिंग हे अस्सल आणि उत्तम तयारीचे मल्ल होते, त्यांच्याकडून हरण्यास आपली काही हरकत नव्हती, असे नमूद केले. ‘हरकत नव्हती’ हे शब्द ज्या कुस्तीबद्दल वापरता येतात ती कुस्ती कोणत्या प्रकारची होती, हे वाचकाने ठरवावे. मात्र त्यामुळे दारासिंग यांच्या अंगची कुस्ती खोटी ठरत नाही, उलट थेझ तिची ग्वाहीच देतात. नुरा आणि नकली हे समानार्थी शब्द नव्हेत, हा भेद आपल्या चर्चेत पुष्कळदा पुसला जातो.

‘नुरा’ हा आरोप कोण कोणावर करतो, हाही प्रश्न विचारावा लागतो. हमीदा बानू यांचे उदाहरण या दृष्टीने अस्वस्थ करणारे आहे. मला हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन, असे जाहीर करून पुरुष मल्लांशी लढणाऱ्या या स्त्रीने १९५४ मध्ये बडोद्यात बाबा पहिलवान यांना १ मिनिट ३४ सेकंदांत हरवले. महाराष्ट्रात मात्र त्यांचे स्वागत निराळे झाले. पुण्यातील रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती स्थानिक कुस्तीसंघटनेच्या विरोधामुळे रद्द करावी लागली. कोल्हापुरात सोमासिंग पंजाबी यांना हरवल्यावर प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, दगड फेकले आणि कुस्ती बनावट ठरवली. त्यांनी तक्रार केली तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांनी कळवले, की त्या स्त्री आहेत म्हणून बंदी नाही. त्यांच्यापुढे मुद्दाम दुबळे जोड उभे केले जातात अशा तक्रारी आहेत म्हणून आहे.

त्या कुस्त्यांपैकी काही ठरलेल्या असतीलही. परंतु पुरुष मल्लांच्या संशयास्पद कुस्त्यांवर त्या काळात शौकीन फार तर कुजबुजत आणि स्त्रीच्या कुस्तीवर दगड फेकत, ही विषमता तथ्याच्या पातळीवर उरतेच. शौकिनांचे ज्ञान हे साधन आहे असे म्हणताना तेच ज्ञान कधी हत्यारही होते, हे विसरून चालणार नाही. हमीदा बानू १९८६ मध्ये वारल्या. त्यांच्या कल्याणमधील उत्तरायुष्याविषयी आणि प्रशिक्षक सलाम पहिलवान यांच्याशी असलेल्या संबंधांविषयी जे सांगितले जाते ते आप्तांच्या आठवणींवर आधारलेले आहे, आणि त्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत.

दृश्य पुरावा वाद मिटवतो काय?

मुद्रण सर्वत्र झाल्यावर असे वाद संपतील, अशी अपेक्षा सकृद्दर्शनी रास्त वाटते. जिल्ह्याच्याच ठिकाणी ती खोटी ठरली. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पृथ्वीराज मोहोळ विजयी झाले. परंतु गादी विभागातील त्यांच्या लढतीत शिवराज राक्षे यांनी आपले दोन्ही खांदे टेकले नव्हते असा आक्षेप घेतला, पंचांशी झटापट झाली आणि राक्षे यांच्यावर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली. तो क्षण अनेक कॅमेऱ्यांनी टिपला होता. जामखेडमध्ये तो शेकडो भ्रमणध्वनींवर थांबवून, मागे नेऊन पुन्हा पाहिला गेला असेल. एकच चित्र पाहून दोन पक्ष पडले. पुढच्याच महिन्यात शेजारच्या कर्जतमध्ये दुसऱ्या संघटनेची महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली. तेव्हा वादाला आणखी एक विषय मिळाला, की खरा केसरी कोणता. उद्या या मल्लांच्या मुलाखती घेतल्या जातील. त्या वेळी आजची ही चर्चा हाती नसेल, तर केवळ चित्रफीत पाहून तेव्हाच्या अभ्यासकाला लोक इतके का पेटले होते ते उमगणार नाही.

महाविद्यालयांपुढील काम

१९६१ मध्ये औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. त्या पिढीचे साक्षीदार आता फार थोडे उरले आहेत. खाशाबा जाधव १९८४ मध्येच अपघातात गेले. हेलसिंकीला जपानी मल्लाशी प्रदीर्घ कुस्ती झाल्यावर पुरेशी विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे केले गेले, ही हकिकत आज आपल्यापर्यंत सांगण्यातूनच येते. मारुती माने २०१० मध्ये, हरिश्चंद्र बिराजदार २०११ मध्ये, आंदळकर २०१८ मध्ये आणि पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे २०२० मध्ये निवर्तले. ही नामवंतांची यादी झाली. त्यांच्याविषयी काहीतरी छापलेले सापडेल. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या इनामावर आयुष्यभर खेळलेला जामखेड-खर्डा पट्ट्यातील मल्ल मात्र छापील जगात नाही. तो केवळ पारावरच्या बोलण्यात आहे.

इतिहास आणि समाजशास्त्र विभागांनी प्रकल्प हाती घेतल्यास विद्यार्थ्यांना एक सूचना आवर्जून द्यावी. मुलाखत मुद्रित करावीच. नंतर ती त्याच गावात चार जाणत्यांना ऐकवावी आणि त्यांचे बोलणेही, मध्ये तोडणे, हसणे, नाकारणे यांसह, तारखेनिशी मुद्रित करावे. संमती दोन्ही वेळी घ्यावी. नुराविषयी बोलणे आले तर नाव जाहीर न करण्याचे बंधन पाळावे, कारण इथे माणसे हयात असतात आणि भावकीही. हगाम्याची जुनी हस्तपत्रके घराघरांत ट्रंकेच्या तळाशी सापडू शकतात. त्यांवरील इनामाची रक्कम आणि मल्लाने सांगितलेली रक्कम शेजारी ठेवून पाहावी.

आणि काही प्रश्न असे आहेत जे शौकीन कधीच विचारत नाहीत, म्हणून ते अभ्यासकाने विचारले पाहिजेत. पर्जन्यछायेच्या या तालुक्यात, जिथून ऊसतोडणीला माणसे बाहेर जातात, एका पैलवानाचा खुराक कसा परवडत होता? रतिबाचे दूध विकायचे बंद करून ते त्याला पाजले जाई, तेव्हा घरात कोणाच्या वाट्याचे कमी होई? म्हशीची धार कोण काढत असे, बदाम कोण वाटून देत असे, कुस्ती सुटल्यावर मोडलेल्या खांद्यासह तो माणूस घरी बसला तेव्हा शेत कोणी केले? ही उत्तरे मल्लाकडे अर्धीच असतात. ती हवी असतील तर मुलाखत तालमीत न घेता घरी घ्यावी लागेल, आणि त्याच्या शेजारी त्याच्या पत्नीसाठी किंवा थोरल्या बहिणीसाठी दुसरी खुर्ची मांडावी लागेल.