वऱ्हाडातील यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

वऱ्हाडात यंत्रे आधी आली. यंत्रविद्येचे औपचारिक शिक्षण त्यानंतर जवळजवळ शतकाने आले. या अंतराचा येथील पदवीधराच्या उपजीविकेशी असलेला संबंध प्रस्तुत लेखात अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या संदर्भात तपासला आहे.

1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (1861-65) लँकेशायरच्या गिरण्यांना भारतीय कापसाची निकड भासली. 1867 मध्ये अकोला-बडनेरामार्गे लोहमार्ग नागपूरला पोहोचला आणि पाठोपाठ जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. जिनमध्ये चामड्याच्या रुळाला पाते किती दाबाने टेकवावे, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. दाब कमी पडल्यास सरकीला रुई चिकटून राहते. पात्यांची जुळणी चुकल्यास सरकी फुटून रुईत मिसळते व भाव पडतो. ही जाण फिटरच्या हातात होती आणि त्याच्या हाताखाली राबणाऱ्या पोराकडे जात होती. मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळकडे जाणाऱ्या ‘शकुंतला’चे 1921 साली मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन 1994 पर्यंत चालले, तेही अशाच कारागिरांच्या बळावर. त्यांना विद्यावंत म्हणण्याची आपली तयारी आजही नाही.

अमरावतीस शासकीय तंत्रनिकेतन 1955 मध्ये आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1964 मध्ये सुरू झाले. 1983 मध्ये वसंतदादा पाटील यांच्या शासनाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली; त्याच वर्षी अकोला व बडनेरा येथे महाविद्यालये निघाली आणि अमरावती विद्यापीठही स्थापन झाले.

शेतकऱ्याच्या मुलाला घराजवळ पदवी मिळू लागली, हे या विस्ताराचे मोठे यश होय. नोकरी मात्र पिंपरी-चिंचवड वा वाळूजच्या वाहन उद्योगात शोधावी लागली. पारसचे औष्णिक विद्युत केंद्र यांसारखे स्थानिक अपवाद थोडेच. प्रस्तुत लेखकाच्या मते, याचे कारण केवळ औद्योगिक मागासलेपणात नाही. जिनचा मालक फिटरवर समाधानी राहिला आणि महाविद्यालयाने जिनकडे अभ्यासविषय म्हणून क्वचितच पाहिले. याउलट अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने (स्थापना 1969) विकसित केलेली मिनी दालमिल शेतकरी व बचत गटांपर्यंत पोहोचली. स्थानिक पिकातून यंत्राचा प्रश्न उचलला तर स्थानिक रोजगार निघतो, याचा हा पुरावा आहे.

सप्टेंबर 2024 मध्ये अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. कारखान्यातील प्रत्यक्ष प्रशिक्षणही आता अभ्यासक्रमाचा भाग आहे. परंतु जिनचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो व त्याआधी यंत्रांची डागडुजी होते. विद्यार्थी प्रशिक्षणाला बाहेर पडतो तो प्रायः उन्हाळी सुटीत, जिन थंडावल्यावर. हे वेळापत्रक बदलणे महाविद्यालयांच्या हाती आहे.